खिडकीखालचा अनंत

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घराच्या खिडकीखाली आज जे पांढऱ्या फुलांचं झाड आहे, ते तुमच्या आजोबांनी लावलेलं नाही. त्यांनी लावला होता तो अनंत.

त्याची फांदी त्यांनी साताऱ्याहून आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून, गाडीत सारा वेळ मांडीवर धरून. सगळी नोकरी सरकारी क्वार्टरांत गेली. निवृत्त झाल्यावर या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला, तेव्हा पहिल्यांदा स्वतःची म्हणावी अशी थोडी माती मिळाली. पाणी टँकरने यायचं. भाज्या धुतलेलं पाणी ते बादलीत साठवत आणि अनंताला घालत. शेजारच्या पंजाबी बाई म्हणायच्या, "भाईसाहब, इतनी सेवा तो ये मेरी भी नहीं करते!"

तुमचा बाबा तेव्हा गुडगावची नोकरी सोडून अमेरिकेला गेला होता. त्यामुळे पहिलं फूल त्याने पाहिलं नाही. आजोबांनी ते पाण्याच्या वाटीत घालून टीव्हीवर ठेवलं. घरभर तो वास, आणि हे उगाच पुन्हा पुन्हा त्या खोलीत जायचे.

काही वर्षं झाड छान फुललं. मग एका वसंतात पानं पिवळी पडू लागली. दुपारी झाड मान टाकायचं, संध्याकाळी सावरायचं. आजोबा म्हणाले, तहान लागलीय. मी म्हटलं, लोह कमी पडतंय. त्यांनी पाणी वाढवलं, मी हिराकस घातला. कळ्या यायच्या आणि न उमलताच गळायच्या.

त्याच सुमारास आजोबांना धाप लागू लागली. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, फार आशा धरू नका. मी आजोबांचा पलंग खिडकीशी लावून घेतला.

"एकदा फुललेला बघतो," ते म्हणाले, "मग काय व्हायचं ते होऊ दे."

हसतच म्हणाले. पण त्यानंतर मला दुसरं काही सुचेना.

झाडाच्या कडेची माती उकरून मी एक मूळ वर काढलं. त्यावर गाठीच गाठी होत्या, काही मण्यांएवढ्या, काही एकमेकींत वाढून आल्यासारख्या वेड्यावाकड्या. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते, त्यामुळे ओळखलं. सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे किडे मुळात शिरतात, तिथेच घर करतात आणि मातीतलं पाणी वर पोचू देत नाहीत. परीक्षेत मी त्यांची फार स्वच्छ आकृती काढली होती.

जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. फार गाठाळलेली मुळं कापली, फांद्या छाटून झाडावरचा भार हलका केला, निंबोळी पेंड मिसळली, आणि भोवती झेंडू लावला, कारण झेंडूच्या मुळांपुढे ही कीड टिकत नाही असं वाचलं होतं.

खिडकीतून आवाज आला, "काय गं, अनंताभोवती झेंडू? दसरा आला की काय?"

"मुळांना कीड लागलीय. झेंडूने जाते."

"मग दोन रोपं माझ्या पलंगाखाली पण लाव."

"गप्प पडून राहा बघू."

झेंडू चांगला वाढला. अनंत मात्र लूचे गरम वारे सुरू झाले तसा काडी काडी वाळत गेला. ते रोज विचारायचे, "कळी दिसते का?" मी म्हणायचे, "बघू या."

जूनमध्ये तुमचा बाबा रजा घेऊन आला. मध्येच आजोबांना इस्पितळात ठेवावं लागलं. मी त्यांच्याजवळ होते, घर बाबाकडे होतं. आम्ही परतलो तेव्हा खिडकीखाली पांढऱ्या फुलांनी भरलेलं झाड उभं होतं.

बाबाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, जुनं पूर्ण वाळलं होतं. नर्सरीवाल्याला अनंताचं फूल कसं असतं ते सांगितलं, त्याने बिल्कुल तसंच काढून दिलं. अनंतच आहे. बाबांना म्हण, तुझ्या औषधाने फुललं. प्लीज."

मी बाहेर जाऊन पाहिलं. पाकळ्या पातळ होत्या. देठ मोडला तर पांढरा चीक आला. ती दुहेरी तगर होती. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलाला अनंत कशाने ओळखायचा, हे मी कधी शिकवलंच नव्हतं, आणि आता सांगायला धीर होईना.

त्याने एक फूल खुडून आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"वा! साताऱ्याचं अंगण आठवलं."

"बघ आई!" बाबाचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो आनंदाने चहा टाकायला गेला.

आजोबांनी फूल माझ्या तळहातावर ठेवलं. "तगर आहे गं," ते हळू म्हणाले. "आपला कधी गेला?"

"तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा."

त्यांनी खिडकीबाहेर, नव्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याला बोलू नकोस. एवढ्या लांबून आलाय."

पाऊस संपायच्या आत ते गेले.

तुमचा बाबा दर उन्हाळ्यात फोनवर विचारतो, "आई, बाबांचा अनंत फुलला का?" मी फुलला म्हणते, आणि खिडकी उघडते. झाड भरलेलं असतं. वास येत नाही.