पालखीची शीट आणि काकांचा पासवर्ड

मी अंधेरीच्या एका ऑफिसात दिवसभर शीट भरते. एवढ्या एका कारणावरून आमच्या गावच्या मुंबई मंडळाचं कॉम्प्युटरचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नको म्हटलं होतं, पण आमच्या मंडळात बाईने नको म्हटलं की ते हो धरतात.

काम तसं थोडंच. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर येते. कुठल्या घरी कुठल्या दिवशी, हे आधी कळलं की इथली माणसं रजा टाकतात आणि दोन दिवस आधी जाऊन बंद घर झाडून ठेवतात. ती यादी इंटरनेटवरच्या एका शीटमध्ये असते आणि तिची लिंक मंडळाच्या ग्रुपवर फिरते.

यंदा लिंक टाकली आणि तासाभरात माझा फोन तापला. शीट उघडली की साइन इन करा म्हणून खिडकी यायची. मेल टाका, पासवर्ड टाका. टाकला की परत तीच. बोरीवलीच्या एका भावोजींनी तर अकरा वेळा टाकला, वर मलाच विचारतात, "वाट लागली ना? मंडळ हॅक झालं ना?" म्हटलं, तुमच्या मंडळात हॅक करण्यासारखं आहे काय, नारळ?

मग कोणा हुशार माणसाला त्या खिडकीत काकांचा मेल आयडी दिसला. काका म्हणजे आमचे जुने सेक्रेटरी. वीस वर्षं मंडळ त्यांनीच चालवलं आणि दिवाळीच्या आधी गेले. झालं! जो तो मुलुंडला काकींना फोन करायला लागला. "काकी, काकांचा पासवर्ड काय हो?" घरात दुसरं माणूस नाही, मूलबाळ नाही, नवऱ्याला जाऊन चार महिने होतायत आणि हे सकाळपासून पासवर्ड मागतायत.

माझं डोकंच फिरलं. काकींना फोन लावला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "येतात गं फोन. मी सांगते, मला नाय माहीत." आवाज थकलेला वाटला. रविवारी घाटकोपरला मंडळाची मीटिंग होती, तिथे मी सरळ उभी राहिले. म्हटलं, आजपासून त्या बाईला कोणीही फोन करायचा नाही. अध्यक्ष म्हणाले, "विचारलं तर बिघडलं काय?" मी म्हटलं, "उद्या तुम्ही गेलात तर तुमच्या बायकोला विचारू का, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय म्हणून?" मी सांगितलं, ही खिडकी मी बंद करते.

सांगितलं खरं, पण कारण मला तरी कुठे कळलं होतं! आधी मी माझंच तपासलं. जुने लॉगिन पुसले, परत साइन इन केलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. शीटची परवानगी सगळ्यांना मोकळी केली. खिडकी ठरल्यासारखी हजर. तेव्हा कुठे डोक्यात आलं, की शीट आपली आहे, तिला कोणी अडवत नाहीये. शीटच आतून दुसरी कुठलीतरी फाईल मागतेय, आणि ती फाईल बंद आहे.

शीटमधल्या बाहेरच्या लिंकांची यादी उघडली तर एकच नाव होतं. काकांच्या खात्यातली फाईल. मग मला काकांची युक्ती कळली आणि हसूही आलं. पालखी आधी कोणाच्या दारी, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. म्हणून घरांचा क्रम काकांनी स्वतःच्या फाईलमध्ये ठेवलेला. मंडळाची शीट तो तिथून नुसता ओढून दाखवायची. ती फाईल दरवर्षी शिमग्यापुरती काका सगळ्यांना बघायला मोकळी करायचे. यंदा मोकळी करायला ते नव्हते. आणि आम्ही दरवर्षी मागच्या शीटची कॉपी मारतो. नवीन करूया म्हटलं की अध्यक्षांचं ठरलेलं असतं, "देवाचं चाललंय ते मोडू नको."

मोडावं तर लागणारच होतं. आधी एक कॉपी काढून ठेवली, मग लिंक तोडली. आधी ओढून आणलेला क्रम जागच्या जागी राहिला, लिंकच्या जागी नुसते आकडे झाले. खिडकी मात्र परत आली! दोन संध्याकाळी मी एकेक खाना शोधत बसले. शेवटी सापडलं. वाडी निवडायची जी यादी खाली उघडते, ती एका लपवलेल्या पानावरून येत होती आणि ते पान पुन्हा काकांच्याच फाईलला बांधलेलं होतं. वाड्यांची नावं हाताने टाइप केली, पान काढून टाकलं. क्रमाचा रकाना कुलूपबंद केला, नाहीतर भावोजींनी स्वतःचं घर पहिलं टाकलं असतं. शीट झकास उघडली. मी ग्रुपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आता कोणीही काकींना त्रास देऊ नये." खूप अंगठे आले. मला स्वतःचा भारी अभिमान वाटला.

दहा-बारा दिवसांनी दुपारी ऑफिसात काकींचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "बाय, तू ते तोडलंस, ते परत जोडता येईल काय गं?"

मला वाटलं, यादीत काही चुकलं. म्हटलं, "का हो काकी? तुमच्या घराचा दिवस बरोबर आहे ना?"

"तो बरोबर आहे. पण फोनच येत नाय आता कोणाचा." मग त्यांनीच सांगितलं, "पासवर्डचं एक मिनिट व्हायचं. मग जो तो ह्यांच्याबद्दल बोलायचा. एकाला ह्यांनी नोकरी लावलेली, एकाच्या लग्नात रुसवे काढलेले. मला कुठे ठाऊक होतं गं एवढं! एक जण तर रडला."

मी म्हटलं, "काकी, मला वाटलं तुम्हाला त्रास होतोय. आणि पासवर्ड तुम्हाला माहीत नव्हता, मग रोज रोज तेच..."

"माहीत होता गं," काकी म्हणाल्या. "पहिल्यालाच सांगितला असता, तर दुसऱ्याने कशाला फोन केला असता?"