दाजींबरोबर बोट बघायला

मी घरातून पिशवी घेऊन निघालो की बायको अजूनही विचारते, "कुठं? बोट आणायला का?" पोरं हसतात. मीही हसतो. न हसून करणार काय?

परभणी जिल्ह्यातल्या माणसानं मोटारबोट विकत घ्यायला निघावं, यात कुठंतरी गडबड आहे, हे आता कळतं. तेव्हा मी सेलूला एका जिनिंगमध्ये कारकून होतो. कापसाच्या गाठींची नोंद करायची आणि उरलेल्या वेळात मालकाचं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचायचं, एवढंच काम. माझ्या शिक्षणाचा आमच्या खानदानाला जो काही उपयोग झाला, तो या जाहिरातींपुरताच.

बोटीचं कारण माझी थोरली बहीण. ताईला दिलं होतं जिंतूरच्या पलीकडं, धरणाच्या पाण्याकाठच्या गावात. धरण झालं तेव्हा दाजींचं निम्मं रान पाण्याखाली गेलं. निम्मं वाचलं, पण पाण्याच्या पलीकडं. इकडं घर, तिकडं रान आणि मधे पाणी. बैलगाडीनं वळसा घालून जायचं तर जाण्यायेण्यातच दिवस संपायचा. म्हणून गावातली माणसं गुळाच्या कढईत बसून जायची. गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी कढई पाण्यात सोडायची, मधोमध उकिडवं बसायचं आणि फळकुटानं पाणी मागं ढकलायचं. ताई वर्षानुवर्षं अशीच गेली. कडब्याच्या पेंढ्या, बियाणं, भाकरीचं गाठोडं, सगळं त्या कढईतून.

एका पावसाळ्यात वारं सुटलं आणि कढई उलटली. काठ जवळ होता, माणसांनी ओढून काढलं. पण त्या दिवसापासून ताईनं पाण्यात पाऊल टाकलं नाही. काठावर यायची, पलीकडं बघायची आणि मागं फिरायची. दाजींनाही कढईत बसू द्यायची नाही. ते रान तिनं स्वतः दगड वेचून वेचून नीट केलेलं. पलीकडच्या काठावरचा एक शेतकरी ते बटाईनं मागत होता, म्हणजे पेरणार तो आणि निम्मा माल यांना देणार. ताई म्हणाली, "माझ्या जितेपणी माझ्या रानात दुसऱ्याची तिफण चालायची न्हाई."

दाजींनी तिला शब्द दिला, "औंदाच्या ज्वारीच्या पेरणीला तुला इंजनाच्या नावंतून नेतो. खुर्ची टाकून."

मग दाजी सेलूला आमच्याकडं आले, चहा पीत म्हणाले, "पाव्हणं, तुमी पेपर वाचता ना? नाव बगा एखांदी. जुनी चालंल. इंजन पायजे."

पहिली बोट मी हैदराबादची शोधली. दाजी आणि मी गाडीत रात्रभर उभं राहून गेलो. तलावाकाठी एका माणसानं ताडपत्री ओढली, तर खाली हंसाच्या तोंडाची, पायानं हाणायची होडी. इंजन नव्हतंच. "इंजन भी लग जाता, साब," असं तो म्हणाला. दाजींनी त्या हंसाकडं बराच वेळ बघितलं. "पाव्हणं, हे गावात नेलं तर लोक लग्नाला भाड्यानं मागतील." बस्स, एवढंच बोलले. परतीच्या गाडीत ते माझ्या खांद्यावर झोपले आणि मी जागा राहिलो. हा क्रम पुढच्या प्रवासातही जाताना मोडला नाही.

दुसरी जाहिरात कोकणातली होती. 'सागवानी मोटारबोट, जुनी पण उत्तम, इंजिन चालू, समक्ष भेटा.' दाजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. सागवान म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. सागवानाला आमच्याकडं देवाच्या खालोखाल मान.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद. एसटी सुटेल का, आणि सुटली तर पोचेल का, हे कंडक्टरलाही ठाऊक नसायचं. पहिल्या खेपेला आम्ही स्टँडवरूनच परत आलो. दुसऱ्या खेपेला छोट्या रुळाच्या गाडीनं मनमाड गाठलं. तिथल्या फलाटावर गाडीची वाट बघत पाठ मोडली. मग पुणे, आणि पुण्याहून घाट उतरणारी एसटी. घाटात दाजींनी डोळे मिटून घेतले. "पाव्हणं, खाली काय हाय?" "दरी आहे." "मग सांगू नका." उतरलो तेव्हा माझे पाय सुजले होते, दाजींच्या धोतराचा रंग कोणता होता ते आठवत नव्हतं, आणि ज्याला त्याला आम्ही विचारत होतो, "बोट कुठं हाय?" एका दुकानदारानं दाजींच्या हाताकडं बघितलं. "कोणतं बोट? लागलंय काय?"

बोटीचा मालक म्हणजे एक बाई निघाली. आम्ही तिला काकू म्हणू लागलो. नवरा खाडीतून उतारू नेआण करायचा, तो गेला. मुलं मुंबईला. "कुठचे हो तुम्ही?"

"परभणीचे."

"म्हणजे नागपूरकडचे?"

दाजी म्हणाले, "त्याच्या लय अलीकडं." परभणी कुठं आहे ते सांगायला आमच्याकडं एवढंच होतं.

बोट मात्र खरोखर देखणी होती. दुपार कलायची वेळ. खाडी काठोकाठ भरलेली. ती पाण्यावर हलकेच डुलत होती. जुन्या सागाचा तो मधासारखा रंग, पितळेच्या कड्या, पुढं निमुळतं होत गेलेलं नाक. दाजींनी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्या कुशीवरून हात फिरवला. काकूंनी शेजाऱ्याला हाक मारून इंजिन सुरू करवलं. दाजींनी कान लावला. विहिरीवरची इंजनं त्यांनी जन्मभर ऐकली होती. "आवाज साफ हाय," ते म्हणाले. शेजाऱ्यानं आम्हाला एक फेरी मारून आणली. वारं अंगावर आलं आणि कितीतरी दिवसांनी दाजी हसले. "तुमची ताई हितं बसंल," मधल्या फळीवर हात आपटून म्हणाले. "हितं. पदर सावरीत."

आता सौदा. आमच्याकडं बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातावर उपरणं टाकायचं आणि खालून बोटं दाबायची. आकडा दोघांनाच कळतो, बघ्यांना नाही. दाजींनी उभ्या आयुष्यात चारचौघांत भाव उच्चारला नव्हता. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढलं, आणि समोर बाईमाणूस आहे हे लक्षात येऊन तसेच थांबले. मग माझ्या कानात, "पाव्हणं, घरात कुणी गडी हाय का इचारा."

मी विचारलं.

"गडी?" काकू म्हणाल्या. "नाही हो, मीच करत्ये सगळं. भांडी पण मीच घासत्ये."

शेवटी दिवेलागणीला तोड निघाली. दाजींनी उपरणं माझ्या हातावर टाकलं. ते माझी बोटं दाबणार आणि मी आकडा काकूंना सांगणार. काकूंनी दोन वेळा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा कंबरेवर हात ठेवला. "काय चाललंय काय तुमचं त्या पंच्याखाली? बोटीचा भाव बोटं चेपून करता होय? सकाळी बोलू. आधी जेवा."

जेवायला कुळथाची पिठी आणि भात. प्रेमानं वाढलं, पोटभर वाढलं. पण भात म्हणजे आमच्या दाजींच्या लेखी जेवणाआधीची काहीतरी तयारी. आडवं झाल्यावर म्हणाले, "भाकरी कवा येती, बगत बसलो." मग नावेला ट्रकवर कसं चढवायचं, घाटात उशी कशाची द्यायची, गावात उतरवल्यावर नारळ कुणी फोडायचा, असं बोलत बोलत झोपले. माझ्याच खांद्याशेजारी.

सकाळी त्यांनी मला हलवून उठवलं. तोंड पांढरंफटक.

"पाव्हणं, उठा! पाणी गेलं!"

"कुठं गेलं?"

"कुणीतरी दारं उगडली!"

"कसली दारं?"

"धरणाची! आन् कसली?"

मी बाहेर आलो. खरंच खाडी रिकामी. जिथं काल पाणी होतं तिथं चिखल चकाकत होता, खेकडे पळत होते आणि मधोमध ती सागवानी सुंदरी एका कुशीवर कलंडलेली. समुद्राची भरती-ओहोटी मी पुस्तकात वाचली होती. पण पुस्तकातली ओहोटी अशी चपला घालायच्या आत समोर येईल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, क्षणभर मीही दारं शोधली.

काकू तुळशीला पाणी घालत होत्या. "ओहोटी लागल्ये. दुपारी येईल परत."

"कोण सोडतंय?" दाजींनी विचारलं.

"सोडतंय कोण? आपलं आपण जातं, आपलं आपण येतं."

दाजी काठावर जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला तो हातातच निवला. बोटीच्या पोटाखालून एक जाड फळी उभी खाली आलेली दिसत होती. काल ती पाण्यात होती, म्हणून आम्ही पाहिलीच नव्हती. त्या फळीमुळंच ती कलंडली होती.

"काकू," दाजींनी विचारलं, "हिला पाणी किती लागतं?"

"पुरुषाच्या छातीएवढं तरी हवं."

दाजींनी मान हलवली. मला म्हणाले, "संक्रांतीपस्तोर आपलं पाणी काठ सोडतं. मग नुस्ता गाळ, आन् बुडालेल्या बाभळीची खोडं. ज्वारी काढायला जायच्या टायमाला ही अशीच पडून ऱ्हाईल." मग म्हणाले, "हितलं पाणी दुपारी येतं, पाव्हणं. आपलं पुढच्या पावसाळ्यात. आलं तर."

मी म्हणालो, "काहीतरी जुगाड करता येईल. फळी कापून..."

"बैलाचे पाय कापून गोठ्यात बसवता का?"

काकूंना त्यांनी हात जोडले. काकूंनी वाटेसाठी पोहे बांधून दिले. दुपारी निघालो तेव्हा पाणी परत आलं होतं आणि बोट पुन्हा सरळ उभी होती, जणू सकाळी काही झालंच नव्हतं. दाजींनी वळून पाहिलं नाही.

परतीचा प्रवास मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दाजी एकदाही झोपले नाहीत.

मी त्यांच्याबरोबर गावापर्यंत गेलो. एकट्यानं ताईसमोर जाणं त्यांना जड होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं. ताई ओट्यावर तूर पाखडत होती. आमच्या मागं ट्रक नाही हे तिनं पाहिलं. पाय धुवायला पाणी दिलं. दाजी सांगत राहिले. लाकूड कसं होतं, आवाज कसा साफ होता, पाणी कसं निघून गेलं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"बसलात का तुमी तिच्यात?"

"बसलो. एक फेरी."

"कसं वाटलं?"

"वारं लागतं," दाजी म्हणाले.

तिनं सुपातले खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "देऊन टाका बटईनं. पेरणीचे दिस चाललेत. रान पडीक ठिवू नका." दाजी काही बोलायला गेले तेव्हा म्हणाली, "लय फिरलात. आता बसा."

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो. पलीकडच्यानं वळसा घालून ज्वारीची पोती पोचवली होती. माणूस सरळ होता, माप भरून दिलं होतं. ताईनं ती पोती घरच्या ज्वारीत मिसळली नव्हती, कोपऱ्यात वेगळी ठेवली होती. मला जेवायला वाढताना तिनं ताटात भाकरी टाकली आणि समोर बसली.

"ही पलीकडली हाय. कशी लागती?"

भाकरी होती, भाकरीसारखीच लागत होती. मी म्हणालो, "लय गोड हाय, ताई."

"खोटारडा," ती म्हणाली आणि तव्यावरची दुसरी काढून माझ्या ताटात टाकली.