आईच्या मातीच्या दिवशी उतरलेलं विमान

गेल्या महिन्यात आई गेली. पहाटे, पळसदेवला, राहत्या घरी... त्या दिवसाबद्दल मी कुणाशी फारसं बोलले नाही. आज लिहिते आहे.

मी बारामतीला असते, एमआयडीसीतल्या एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये काम करते. आईला बरं नव्हतं म्हणून त्या आठवड्यात तिच्याकडेच होते. धाकटा भाऊ सागर केरळात, सोनं गाळायच्या दुकानात. त्याला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ताई, मी येईपर्यंत नेऊ नका."

मिळेल त्या विमानाचं तिकीट त्याने काढलं. दुपारी पुणे, तिथून गाडी करून दिवस मावळायच्या आत घरी... असं ठरलं. 'विमानात बसलो' असा मेसेज आला आणि त्यानंतर त्याचा फोन बंद लागायला लागला. विमानात बंदच ठेवतात, म्हणून आधी काही वाटलं नाही.

आमच्याकडे माती होईपर्यंत भावकीत कुणाच्या घरी चूल पेटत नाही. म्हणजे सागरसाठी आम्ही थांबलो होतो, पण आमच्याबरोबर अख्खी आळी उपाशी थांबली होती. थोरले चुलते, तात्या, यांना शुगर आहे. सकाळपासून नुसत्या पाण्यावर खुर्चीत बसून होते.

दुपारी अंगणात कुजबुज सुरू झाली. चुलतभाऊ दत्ताच्या मोबाईलवर बातमी आली होती... सागर ज्या विमानतळावरून निघणार होता, तिथेच एका परदेशी लढाऊ विमानाचं इमर्जन्सी लँडिंग झालं होतं.

"त्याल संपलं म्हणं इमानातलं."

"एवढं कोट्यवधीचं इमान आन् रिझर्व्हला बी लागंना व्हय? माझी फटफटी बरी की मग."

"गप रं. लढाई लागली आसंल."

"केरळात कसली आलीय लढाई?"

अंगणातून ओसरीवर आणि ओसरीवरून आत बायकांपर्यंत येईतो त्या बातमीचं 'विमान पडलं' असं झालं होतं. मी आईच्या उशाशी बसले होते. एका पाहुणीने माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

दत्ताकडून मोबाईल घेऊन मी स्वतः बातमी वाचली. पडलं नव्हतं, उतरलं होतं. पण रनवे बंद होता, काही विमानं वरच घिरट्या घालत होती, काही दुसरीकडे पाठवली होती. सागरचं विमान उडालं होतं की नव्हतं, वर होतं की दुसरीकडे गेलं... ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. विमान कंपनीच्या नंबरवर नुसतं संगीत वाजत होतं.

त्या तासाभरात माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते मी लिहू शकत नाही. आई समोर होती आणि मी तिच्यासाठी रडतच नव्हते. सगळा जीव त्या बंद फोनमध्ये अडकला होता.

तात्या दारात आले. "पोरी, दिस कलला. काय करायचं?"

"थोडं थांबू, तात्या."

"थांबू की. पर ज्येच्यासाठी थांबलोय त्यो हाय कुठं, एवढं तरी कळाया पायजे का न्हाय?"

मी पुन्हा विमान कंपनीचा नंबर लावला.

तेवढ्यात आत टीव्हीजवळ फोन वाजला... आईचा. तिचा तो साधा बटणांचा फोन. तिला कमी ऐकू यायचं म्हणून आवाज पूर्ण मोठा ठेवलेला. कुणाचाही हात पुढे होईना.

"उचल की गं," चुलती म्हणाली. आम्ही तिला नानी म्हणतो.

अनोळखी नंबर होता. मी उचलला.

"ताई? ताई हायस का? आगं, विमान जागेवरच हाय अजून. आमाला आत बसवून ठेवलंय."

त्याची बॅटरी संपली होती. शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून घेतला होता, आणि त्याला पाठ असलेला एकच नंबर होता... आईचा.

मी हसले. चांगली मोठ्याने हसले, आईच्या समोर बसून. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. हसू थांबेना आणि लाजेने मान वर होईना.

नानीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "हस बाई, हस. ती आसती तर तिनं पेढं वाटलं आसतं."

तेव्हा कुठे मला रडू आलं.

सागर फोनवरच होता. "मी काय आता वेळंत पोचत न्हाय, ताई. तात्यांना उपाशी नको ठेवूस. माझी वाट बघू नका... तूच दे अग्नी."

मी तात्यांना सांगितलं. मला वाटलं, लेकीने अग्नी द्यायचा म्हणजे कुणीतरी काहीतरी बोलेल. तात्या उठले, त्यांनी विस्तवाचं मडकं माझ्या हातात दिलं आणि ते माझ्यापुढे चालायला लागले.

सागर दुसऱ्या दिवशी आला. आईचं तोंड त्याला बघायला मिळालं नाही, ते राहिलंच. दहाव्याला लोक त्या परदेशी विमानाला शिव्या देत होते. मला राग आला नाही. त्या पायलटच्या घरीही त्या दुपारी कुणीतरी फोनकडे बघत बसलं असेल... तोही उतरला, हे बरंच झालं.

ज्याने सागरला फोन दिला त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही. पण त्याचे आभार मानल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही.

आईच्या फोनचा रिचार्ज संपत आला होता. परवा मी तो मारला. सागरला अजून दुसरा कुठला नंबर पाठ नाही.