बाहुलीचं माहेरपण

मुरुमला आमच्या गल्लीत बाहुला-बाहुलीची लग्नं उन्हाळ्यात लागायची आणि ती आम्ही फार मनावर घ्यायचो. बाहुला नेहमी समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीचा, बाहुली माझी. तिचे अब्बा शिवणकाम करायचे, त्यामुळं तिच्या बाहुल्याला कोट, जाकीट, टोपी असा सगळा थाट. निजामाचं राज्य गेलं होतं आणि शाळेवरची उर्दू पाटी उतरून मराठी पाटी चढली होती, ते दिवस. निकाह लावायचा की मंगलाष्टका म्हणायच्या यावर आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि शेवटी हळद लावलेली ज्वारी उधळून आम्ही मोकळ्या व्हायचो. लग्न झालं की बाहुली सासरी, म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडं, जायची ती जायचीच. माहेरी फक्त दिवाळीला.

बाहुली आई करायची. मांजरपाटाचं अंग, त्यात ठासून भरलेला कापूस, काळ्या दोऱ्याचे केस. तोंड ती सगळ्यात शेवटी करायची आणि मला विचारून करायची. "औंदा कशी पायजे, भोळी का खट्याळ?" मी दरवर्षी खट्याळच मागायचे. मग ती एक भुवई जरा वर चढवायची, दोनच टाके, पण बाहुली लगेच उलट बोलेल अशी दिसायला लागायची.

दिवाळीला मैत्रीण बाहुलीला ओढणीत गुंडाळून आणायची आणि उंबऱ्याबाहेर उभी राहायची. मी आत हाळी द्यायचे, "माय, तुकडा आण." आई चुलीपुढून उठून यायची. भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी बाहुलीवरून ओवाळून टाकायची, ओलं बोट तिच्या डोळ्यांना लावायची आणि खऱ्या लेकीला म्हणावं तसं म्हणायची, "लई वाळलीस गं." आम्ही दोघी फिदीफिदी हसायचो. आई कधी हसली नाही.

परत पाठवताना बाहुलीबरोबर एका काडेपेटीत भेट द्यायची असे. त्यासाठी आई वर्षभर नजर ठेवून असायची. फुटक्या बांगडीचा बरा तुकडा, माळेतून निसटलेला मणी, समोरच्या घरातल्या शिवणाच्या यंत्राखाली पडलेली जरीची कड. मुरुमच्या बाजारात बाकीचे लोक मालाकडं बघत चालायचे, आई जमिनीकडं. वडील वैतागायचे. "काय हरवलंय का?" आई म्हणायची, "हरवलं न्हाय, गावलंय."

एका हिवाळ्यात आई मुदतीच्या तापानं गेली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मी रडले नाही. हे काही ठरवून केलं नव्हतं, आत काही हललंच नाही. बायका यायच्या, मला कवटाळून हंबरडा फोडायच्या आणि मधेच हळूच माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी त्यांच्या कानातल्या बुगड्या बघत बसायचे. एकीनं चिमटासुद्धा काढून पाहिला. त्याचा राग तेवढा आला.

आईची धाकटी बहीण, माझी मावशी, अणदूरहून येऊन आमच्यात राहिली होती. ती वडिलांना म्हणाली, "दाजी, पोरगी रडंना झालीय. तुमी कायतरी करा, न्हायतर छातीत धरंल ती."

"रडंल की," वडील म्हणाले आणि आडतीच्या दुकानावर निघून गेले.

मला एकच भीती होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आई मला आवडतच नव्हती की काय, ही.

उन्हाळा आला. मावशीनं आईच्या विटक्या इरकली लुगड्याचा काठ कापून बाहुली करायला घेतली. तोंड कसं पाहिजे ते मला विचारलं नाही, पाठ करून बसली. झाल्यावर माझ्या हातात दिली तर बाहुलीच्या हनुवटीवर हिरव्या दोऱ्याची गाठ होती. आईला तिथंच गोंदण होतं. मावशी माझ्याकडं बघत राहिली, त्या बायका बघायच्या तशीच.

"गाठ जरा डावीकडं गेली," मी म्हणाले.

रडली मावशीच.

बाहुलीच्या पाठवणीला रडायची आमच्यात पद्धत होती आणि खोटं रडण्यात माझा हात धरणारी गल्लीत कुणी नव्हती. एरवी ही पाठवणी बघायला कुत्रं फिरकायचं नाही. त्या वर्षी मात्र मावशीनं शेजारच्या बायका गोळा केल्या. मैत्रीण बाहुली घेऊन रस्ता ओलांडायला लागली तसा मावशीनं माझा दंड धरला. "तुजी माय चालली बघ."

मला ऐकू आलं, कळलंही. पण खोटंसुद्धा रडता आलं नाही. पाय भाजत होते, सावलीत कधी जायला मिळतंय एवढंच डोक्यात होतं. मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलीकडच्यांनी रडायचं असतं, मी तिच्या लग्नाची शोभा घालवली होती.

पावसाळ्याच्या तोंडावर मावशीला सासरहून बोलावणं आलं. निघताना माझ्या तोंडावरून हात फिरवून ती म्हणाली, "दगूड झालीस गं तू." मला ते खरंच वाटलं. वाईट वाटलं असंही नाही.

दिवाळी आली, पण आमच्याकडं ती करायची नव्हती, आईचं वर्ष फिरायचं होतं. वडील आडतीवर होते. मी भाकरी थापत होते. तोवर मला भाकरी यायला लागली होती, जाड आणि एका अंगानं करपलेली. दारात मैत्रीण येऊन उभी राहिली, ओढणीत बाहुली घेऊन.

"अम्मी म्हणली, त्यांच्यात दिवाळी नसली तर नसू दे, लेक तर धाडायला पायजे," ती म्हणाली. "तुकडा आण की. उंबऱ्यात किती येळ उभं करतीस तिला?"

मी मागं वळले आणि हाळी दिली, "माय, तुकडा आण."

घर लहान होतं. दारातून चूल दिसायची. तव्यावर माझीच भाकरी होती आणि चुलीपुढचा पाट मोकळा होता. तरी मी उभी राहिले, कुणीतरी उठेल म्हणून. खरोखर वाट बघितली.

मग मीच गेले, तुकडा मोडला, तांब्या घेतला. बाहुलीवरून ओवाळून टाकला. ओलं बोट तिच्या डोळ्यांना लावलं. "लई वाळलीस," म्हणायला गेले आणि बोटाला हनुवटीवरची गाठ लागली. मी तिथंच उंबऱ्यात बसले आणि तोंड वासून रडायला लागले. नाक पुसायचं भान राहिलं नाही. आत भाकरी जळत होती.

मैत्रीण बाहुली छातीशी धरून उभी होती. तिला हे काही पटलं नाही.

"अगं, येताना कुठं रडत्यात?" ती म्हणाली. "जाताना रडायचं असतंय."