सात-नऊ आईकडे

भर वर्गात गणिताच्या मास्तरांचं हसं झालं, ते एका दहा आकडी संख्येपायी. कुणीतरी मनाला येतील ते आकडे फळ्यावर लिहून विचारलं, सर, हिला कशाने भाग जातो? मास्तरांनी खडू झिजवला, तास संपला, भाग काही जाईना. दुसरा कुणी विसरून गेला असता. मास्तर पडले हट्टी; निवृत्त झाल्यावर ते हात धुऊन त्या संख्येच्या मागे लागले. ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून कुणालाच दाद देत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहायचं. तेही पाटीवर, हाताने. यंत्राचं उत्तर म्हणजे त्यांच्या मते कॉपी.

बायकोने आधी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच पाटी घेऊन बसली. दोघांनी वाटणी केली. शेवटी एक किंवा तीन असलेले भाजक त्यांचे, सात-नऊवाले तिचे. बाकी उरली की पाटी पुसायची आणि पुढचा भाजक घ्यायचा. वर्षानुवर्षं हा दुसरा संसार चालला.

गेल्या वर्षी ती गेली. तिचे सात-नऊ मास्तरांनी लेकीच्या गळ्यात घातले. लेक छापखान्यात दिवसभर संगणकावर बसायची, त्यात घरी हे. पण काळजी निराळीच होती. मास्तरांची नजर अधू होत चालली होती. डोळ्यांना असाच ताण दिलात तर उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकतंय कोण?

शेवटी तिने छापखान्यात ती संख्या संगणकात घातली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. सव्वीसशे सत्तावन्नने भाग जात होता. तो भाजक कधीच मागे पडला होता, आणि त्याच्या शेवटी सात होता. चूक आईची होती.

चार दिवस तिने तोंड मिटून काढले. मग एका सकाळी मास्तर पाटी नाकाशी धरून आपलेच आकडे चाचपताना दिसले आणि तिला राहवलं नाही.

"बाबा, ठेवा ती पाटी. सव्वीसशे सत्तावन्नने भाग जातो."

"माहीत आहे."

आई अंथरुणाला खिळली तेव्हा जुन्या खोडीने त्यांनी तिचे काही भागाकार पुन्हा करून तपासले होते. ती रोज विचारायची, आपली संख्या अजून टिकून आहे ना? ते हो म्हणायचे.

"मग अजून कशाला भागताय?"

मास्तरांनी पाटी मांडीवर ठेवली.

"मला एकट्यालाच माहीत होतं, तोवर ती चुकली नव्हती गं."

त्यांनी पाटी पुसली आणि कपाटावर टाकली. डोळे तेवढे वाचले. दिवसभर ते खिडकीशी बसून असतात, कुणी बोललं तर बोलतात. एकदा लेकीला फार वाईट वाटलं. तिनेच पाटी खाली काढून त्यांच्यापुढे धरली.

"ठेव," मास्तर म्हणाले. "तू दमून आली असशील."