कॅसेटच्या भोकावरची चिकटपट्टी

निहार, मुक्ता,

जे लिहिते आहे ते मी तुमच्या बाबांना कधी सांगितलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुमच्या आजोबांना तर नाहीच — त्यांना सांगावं लागलंच नाही, पण ते पुढे येईल. मला क्रमाने सांगायची सवय आहे. आज क्रम राहतो की नाही, माहीत नाही.

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि हे मात्र मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत वाक्यं फार नीट झाली असती. नीट वाक्यांत लपायला जागा पुष्कळ असते.

निहार, तू आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी जी रचना करून पाठवलीस — व्हायोलिन, मागे हळूच संबळ — ती इथे परळीत सगळ्यांनी ऐकली. तुझे बाबा तिकडून फोनवर रडत होते. म्हणाले, ‘आई, बाबा हेच वाजवायचे. मला आठवतंय.’ मी म्हणाले, हो.

त्या ‘हो’मुळे हे लिहिते आहे. नाहीतर हे असंच माझ्याबरोबर गेलं असतं. गेलं असतं तर बरं झालं असतं का?

तुमचे आजोबा इथल्या वीज केंद्रात पाळीवर होते. घरी आले की अंगावरची राख धुवायची, चहा घ्यायचा आणि कीबोर्डवरचा रुमाल काढायचा. तो कीबोर्ड त्यांनी कुणाकडून तरी जुना घेतला होता. शिकले कुणाकडेच नाहीत. रेडिओवर जे कानावर पडे ते त्यांच्यात मुरायचं आणि काही दिवसांनी वेगळंच होऊन बाहेर यायचं. एक चाल गोंधळाच्या ठेक्यावरची, एक लग्नातल्या बँडसारखी, एक कव्वालीच्या अंगाने जाणारी, तर एक अगदी परदेशी नाचाची — एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. शब्द मात्र कशालाच नाहीत. लोक विचारायचे, गाणं कुठंय? ते माझ्याकडे बोट दाखवायचे. ‘शब्द समदे मास्तरीणबाईकडं हायेत. आपल्याकडं नुसता सूर.’

मला ते आवडायचं का? आवडायचं, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे मी ऐकतच नव्हते. मी वह्या तपासायचे, भाजी निवडायचे, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकायचे, आणि तो आवाज कधी थांबतो याची वाट बघायचे.

चाल पुरती झाली की ते टेपरेकॉर्डर कीबोर्डजवळ ठेवून ती एका कॅसेटवर घ्यायचे. एकच कॅसेट. कच्चं काही तिच्यावर जायचं नाही. कितीतरी वर्षं ती भरत होती. रेकॉर्डिंग चालू असताना घरात भांडंसुद्धा वाजवायचं नाही, हा एकच नियम त्यांनी आयुष्यात घातला.

एका दुपारी मी बीडहून मुलाखत देऊन आले. मुख्याध्यापिकेची जागा होती. ती मला मिळणार, हे शाळेत सगळे धरून चालले होते — मीही. तिथे मला दोन प्रश्न विचारले आणि चहा दिला. चहा दिला तेव्हाच कळलं. एसटीत मी रडले नाही. घरी जाऊन यांच्याजवळ रडायचं, असं ठरवून आले होते.

दार उघडलं. ते कीबोर्डवर वाकलेले. टेपचा लाल दिवा चालू. त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं — थांब.

मी थांबले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. कॅसेटच्या शेवटच्या तुकड्यावर शेवटची चाल चालली होती. ती संपली, त्यांनी बटण दाबलं आणि लहान मुलासारखे हसले. कॅसेट काढली, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिच्या वरच्या कडेचे दोन्ही चिमुकले प्लास्टिकचे कान तोडले. तुम्ही कॅसेट वापरली नाही म्हणून सांगते : ते कान तोडले की तिथे भोक राहतं आणि मग त्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. बटण दाबलंच जात नाही. चुकूनही नाही.

‘झालं बघ,’ ते म्हणाले. ‘आता कुणाचा बाप बी हे पुसू शकत न्हाई. कशी झाली?’

मी म्हणाले, छान.

बीडला काय झालं, हे त्यांनी रात्री जेवताना विचारलं. ते विसरले नव्हते, हे मुद्दाम लिहिते. त्यांना वाईटही वाटलं. पण तोवर माझं रडू आत जाऊन दगड झालं होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांसाठी इंग्रजीचे धडे रेकॉर्ड करायला घेतले. कोऱ्या कॅसेट बाजारात मिळत होत्या. आणल्याही होत्या — तीन, कपाटात, वेष्टनासकट. मी त्यांची कॅसेट काढली. वह्यांना कव्हर घालायची चिकटपट्टी घेतली. एक तुकडा कापला, भोकावर लावला, नखाने दाबला. बटण खाली गेलं.

मग मी बोलायला लागले. ओपन द विंडो. क्लोज द विंडो. व्हॉट इज युवर फादर?

पहिली बाजू मी रागाने भरली. दुसरी — दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या भोकावरही पट्टी लावून — शांतपणे. मधे एक अख्खी रात्र होती. थांबता आलं असतं.

कळलं तेव्हा घरात पाहुणा होता. त्यांचा पाळीवरचा मित्र चाल ऐकायला मुद्दाम आला होता. यांनी कॅसेट घातली आणि माझा आवाज आला. मित्र हसून लोटपोट. ‘काय रं, मला शाळंत घालायला बोलावलं व्हय?’ हेही हसले. म्हणाले, ‘फी भर आधी, मास्तरीणबाई लई कडक हाय.’ आणि हसता हसता कॅसेट पुढे सरकवत राहिले. पुढे मी. आणखी पुढे मी. उलटी करून घातली — तिथेही मीच.

मित्र गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘चुकून झालं का?’

मी म्हणाले, ‘हो. चुकून.’

कॅसेट त्यांच्या हातात होती. अंगठा कडेवरून फिरला, चिकटपट्टीवर आला, तिथे थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बघावं म्हणून मी उभी राहिले का, की बघू नये म्हणून? ‘चालतंय,’ ते म्हणाले. ‘चुकून तर झालं.’

कीबोर्ड माळ्यावर गेला. पुढे कुणी विचारलं तर तेच सांगायचे, मी सांगायच्या आधी — चुकून पुसलं गेलं. तुमच्या बाबांनाही त्यांनी तेच सांगितलं. माझं खोटं ते मरेपर्यंत आपल्या तोंडाने बोलत राहिले. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. संध्याकाळी चहा झाला की त्यांच्या हातांना काही काम नसायचं. ते मांडीवर ठेवून बसायचे.

आणि मग, निहार, तू फोनवर विचारलंस — ‘आजी, आजोबांची एखादी तरी चाल आठवते का?’

तेव्हा सांगता आलं असतं. मी गुणगुणले. तू म्हणालास, ‘पुन्हा’, मी पुन्हा गुणगुणले. ती आजोबांची नव्हती. मी पाचवीच्या मुलांकडून इंग्रजी महिन्यांची नावं पाठ करून घ्यायचे, त्यासाठी लावलेली ती माझी चाल. संथ केली की उदास वाटते. तुझी रचना लाव आणि सुरुवातीवर हळू म्हणून बघ — जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पहिल्यांदा व्हायोलिन वर चढतं, तिथे ‘मे’ येतो.

तुझ्या बाबांना आता तीच आठवते.

आजोबांची एकही चाल मला येत नाही. त्या दुपारी दारात उभी राहून ऐकलेलीसुद्धा नाही. कॅसेट अजून कपाटात आहे. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण सुटलेली नाही. परवा लावून पाहिली, दोन्ही बाजू, शेवटपर्यंत.

दोन्ही बाजूंना मीच बोलते आहे.