हिवरगाव स्टेशनात आग

एका संध्याकाळी सौदीतल्या अल-खोबरमधल्या आमच्या सात मजली इमारतीतले यच्चयावत रहिवासी पायांत मिळेल ते अडकवून रस्त्यावर आले, ते माझ्यामुळे. त्याआधी तीन वर्षं तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

झालं असं, की माझे वडील, अण्णा, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. अण्णा रेल्वेतले. नोकरीतली अठरा वर्षं हिवरगाव नावाच्या चिमुकल्या स्टेशनचे मास्तर. आई गेल्यापासून एकटेच होते, म्हणून मीच हट्टानं बोलावलं. त्यांनी मॉल पाहिला, किनाऱ्यालगतच्या कॉर्निशवर बसून समुद्र पाहिला आणि आठव्या दिवशी म्हणाले, "सुमे, परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघ."

"का हो अण्णा? काय कमी आहे इथे?"

"कमी काही नाही गं. गाडीचा आवाज येत नाही, एवढंच."

मग आम्ही त्यांना दम्मामच्या स्टेशनवर नेलं. रियाधची गाडी ठरल्या मिनिटाला सुटली. अण्णा आणखीच हिरमुसले. "सगळं आपोआप होतंय. शिट्टी नाही, झेंडा नाही. यांना मास्तर कशाला लागतोय?"

तेव्हा मी ठरवलं, अण्णांना जाऊ द्यायचं नाही. त्यांचं हिवरगावच इथे आणायचं! माझ्या मुलीची, रेवाची, खेळण्यातली आगगाडी माळ्यावर पडून होती. ऑनलाइन प्लॅस्टिकचं एक स्टेशन मागवलं, त्याला लाल कौलं रंगवली, शेजारी आम्ही राहायचो ते रेल्वे क्वार्टर उभं केलं, स्वतःच्या हातानं स्टेशनच्या नावाची पाटी रंगवली. अण्णांना सांगितलं, रेवाचा शाळेचा प्रोजेक्ट आहे.

आता फक्त आतले दिवे राहिले होते.

माझा नवरा प्रसाद इथल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "सरळ एलईडी लाव."

"तो दवाखान्यासारखा पांढरा उजेड? हिवरगावला पिवळे बल्ब होते!"

त्यानं शोधून तांदळाच्या दाण्याएवढे पिवळे बल्ब आणून दिले आणि कामावर जाताना तीनदा बजावलं, "हे सहा व्होल्टचे आहेत. सहाच व्होल्टचा अडॅप्टर लावायचा. कळलं?"

कळलं होतं. पण बल्ब लावले तर खिडक्यांऐवजी भिंतीच उजळल्या. अख्खं स्टेशन केशरी!

"आई, इट लुक्स लाइक अ मँगो," रेवा म्हणाली.

मी आतून काळा कागद चिकटवला. आंबा गेला, पण आता उजेड फारच मिणमिणता वाटायला लागला. खणात जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर होता. (जास्त उजेड हवा तर जास्त व्होल्ट, यात इंजिनिअरला काय विचारायचं?) शेवटी क्वार्टरच्या धुराड्यातून धूर निघतोय असं दिसावं म्हणून त्यात कापूस कोंबला. आतून, अगदी बल्बला टेकेपर्यंत.

अण्णांना डोळे मिटायला लावून खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. काय लखलखलं म्हणून सांगू हिवरगाव!

"ओह वाव, आई! रिअल स्मोक!" रेवा ओरडली.

"जमतं हळूहळू," मी लाजून म्हटलं. आणि मग मला आठवलं, की खऱ्या धुराची सोय मी केलेलीच नव्हती.

अण्णांनी डोळे उघडले. "आधी प्लग काढ!" म्हणत त्यांनीच तो उपटला आणि हातातलं ग्लासभर पाणी क्वार्टरवर ओतलं. तोवर धूर छतावरच्या अलार्मपर्यंत पोचला होता. इमारत किंचाळायला लागली. आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, "यल्ला, यल्ला! सब नीचे!" करत दारं बडवत सुटला. निम्म्या गालाला साबण फासलेले इजिप्शियन गृहस्थ, झाऱ्यासकट हैदराबादी खाला, नुकतीच ड्यूटीवरून आलेली मल्याळी नर्स, सगळे रस्त्यावर! आणि त्या गोंधळात अण्णांचा आवाज घुमला.

"यात्रीगण कृपया ध्यान दें! धक्का मत दीजिए! बच्चे पहले! पीली लाइन के पीछे!"

पिवळी लाइन तिथे नव्हती. पण सगळे तिच्या मागे गेले! अण्णांनी मजल्यांप्रमाणे माणसं मोजली, एका म्हाताऱ्या बाईंसाठी खुर्ची मागवली. त्यांची पाठ इतकी ताठ मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

हारिस धापा टाकत आला. "आग किधर है?"

"हिवरगाव में," अण्णा म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मला भर रस्त्यात हिंदीतून सांगावं लागलं, की जळालेलं घर चार इंचांचं आहे.

"अंदर कोई था?" नर्सनं काळजीनं विचारलं.

"ओन्ली टू प्लॅस्टिक पीपल," रेवा म्हणाली.

वर आलो तर क्वार्टरची एक भिंत वितळून लोंबत होती. मी रडवेली झाले. अण्णा चष्मा पुसून वाकून बघत राहिले.

"स्वयंपाकघरातला दिवा लावला होतास?"

"हो."

"शेवटच्या पॅसेंजरला हिरवा कंदील दाखवून वळलो की तेवढी एकच खिडकी दिसायची. तुझी आई मी घरी येईपर्यंत मालवायची नाही. मी म्हणायचो, अगं, दहा पावलांवर तर स्टेशन, मी काय हरवणार आहे?" त्यांनी लोंबती भिंत बोटानं सरळ करून पाहिली. "आता क्वार्टरला कुलूप आहे. दारापर्यंत गवत वाढलंय."

मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवसापासून सासरे-जावई कामाला लागले. नवी भिंत, नवे बल्ब, सहाच व्होल्ट. तिकिटाचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही. पुरे तीन महिने राहिले, आणि रोज संध्याकाळी ती एवढीशी खिडकी उजळली की खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचे.

जायच्या आदल्या दिवशीही असेच बसले होते. मी शेजारी बसले.

"अण्णा, आपलं हिवरगाव जमलंय ना?"

"हुबेहूब," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "फक्त पाटी... हिवरगावचा 'हि' ऱ्हस्व असतो गं. तू दीर्घ काढलायस. रोज सांगीन म्हणत होतो, पण तुझ्या तोंडाकडे बघून धीर होईना."

जन्म हिवरगावचा. शाळा हिवरगावची. आणि दर शुक्रवारी सकाळी अल-खोबरमधल्या नऊ मराठी मुलांना शुद्धलेखन शिकवते ती कोण? मीच!